पडद्यावर बंद, पाइपात सुरू: मासळी गोठवणाऱ्या कारखान्यातील एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील, मासळी गोठवून निर्यात करणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कारखान्यातील आहे. कारखाना, तेथील माणसे आणि यंत्रणा पुरवणारा कंत्राटदार यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील गाळले आहेत. यंत्राचे वर्तन आणि निर्णयांचा क्रम मात्र जसा घडला तसाच मांडला आहे. द्रव अमोनिया कॉम्प्रेसरमध्ये शिरून गॅसची गळती झाली, त्या घटनेनंतर मालकांनी परीक्षणासाठी बाहेरच्या तिघांना बोलावले होते, त्यांपैकी प्रस्तुत लेखक एक होता.

कारखान्यात माकूळ, वागटी आणि कोळंबी गोठवली जाते. त्यासाठी लागणारी थंडी अमोनियावर चालणाऱ्या यंत्रणेतून मिळते. अमोनिया साध्या वातावरणीय दाबाखाली उणे ३३ अंश सेल्सिअसला उकळतो. प्लेट फ्रीझरसाठी उणे ४० अंशांपर्यंत उतरायचे तर कॉम्प्रेसरच्या सक्शनकडील, म्हणजे वाफ ओढून घेणाऱ्या बाजूचा, दाब वातावरणाच्याही खाली ठेवावा लागतो. जुन्या चालकांच्या भाषेत हे ‘नऊ इंच व्हॅक्यूम’, म्हणजे वातावरणाच्या दाबापेक्षा पाऱ्याचे नऊ इंच कमी. दुसऱ्या टोकाला, कंडेन्सरमध्ये गॅसचे पुन्हा द्रव होताना दाब दर चौरस इंचाला ‘एकशेऐंशी पाउंडां’च्या आसपास असतो, आणि वैशाखातल्या उकाड्यात तो आणखी चढतो. या दोन आकड्यांवर, कॉम्प्रेसरच्या आवाजावर आणि पाइपांवर कुठवर बर्फ धरला आहे यावर नजर ठेवून हा कारखाना वीसेक वर्षे चालला.

घटनेच्या आदल्या बंदीच्या काळात, म्हणजे १ जूनपासून दोन महिने यांत्रिक मासेमारी बंद असताना, मालकांनी यंत्रघराचे नूतनीकरण केले. भिंतीवरचे गेज आणि दिव्यांचे पॅनेल बाजूला पडले आणि वातानुकूलित काचेच्या खोलीत एक स्पर्शपडदा आला. निर्णय अविचाराने घेतलेला नव्हता. परदेशी खरेदीदारांना तापमानाच्या अखंड नोंदी हव्या होत्या, हाताने भरलेल्या लॉगबुकात पहाटेच्या नोंदी संशयास्पदरीत्या एकसारख्या आढळत होत्या आणि अनुभवी चालक मिळेनासे झाले होते. जुन्या पॅनेलवर पाळीला दोन माणसे लागत. पडद्यावर एकाने भागेल असा हिशेब होता.

यंत्रणेतील जो भाग या प्रकरणात महत्त्वाचा आहे तो असा. कंडेन्सरमधून आलेला द्रव अमोनिया रिसिव्हर नावाच्या टाकीत जास्त दाबाखाली साठतो. तेथून तो एका मोठ्या हातव्हॉल्व्हमधून निघतो. कोकणातच नव्हे तर सगळीकडेच चालक त्याला किंग व्हॉल्व्ह म्हणतात. पुढे विजेच्या कॉइलने उघडणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह ओलांडून द्रव अ‍ॅक्युम्युलेटर या कमी दाबाच्या टाकीत येतो. अ‍ॅक्युम्युलेटरच्या तळातला द्रव फ्रीझरांकडे जातो आणि वरची वाफ कॉम्प्रेसर ओढून घेतो. या टाकीतील पातळी वर चढली तर वाफेबरोबर द्रवही कॉम्प्रेसरमध्ये शिरतो. वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही; सिलिंडरात तो अडकला की व्हॉल्व्हच्या पट्ट्या तुटतात आणि वेळ वाईट असली तर हेडच उडते. सोलेनॉइड व्हॉल्व्हच्या बुडाशी हाताने उघडण्याचा एक छोटा स्पिंडलही असतो. कॉइल जळाली तर काम अडू नये म्हणून तो दिलेला असतो. स्पिंडल फिरवून ठेवला की वीज असो वा नसो, व्हॉल्व्ह उघडाच राहतो.

त्या संध्याकाळी

ऑक्टोबरचा मध्य होता. परतीचा पाऊस सह्याद्रीकडून विजांसह उतरत होता. बंदरात मासळी भरपूर आल्यामुळे सर्व फ्रीझर चालू होते. यंत्रघरात आयटीआयमधून वातानुकूलन आणि प्रशीतन शिकून आलेला तरुण चालक पडद्यासमोर होता. वरिष्ठ चालक, ज्यांना कारखान्यात सगळेच काका म्हणतात, ते कंडेन्सरच्या पंपांकडे बाहेर होते. त्यांची पाळी खरे तर संपली होती, पण पावसामुळे ते थांबले होते.

साडेसातच्या सुमारास वीज गेली. जनरेटर सुरू झाला, मात्र त्यावर दिवे, पाण्याचे पंप आणि नियंत्रण यंत्रणा एवढाच भार होता. मुख्य कॉम्प्रेसर बंदच राहिला. वीज गेल्यावर सोलेनॉइड व्हॉल्व्ह आपोआप बंद होतात, आणि पडद्यावरही त्यांची चिन्हे राखाडी झाली. चालकाने ती पाहिली आणि समाधानी झाला. प्रत्यक्षात मुख्य सोलेनॉइडचा स्पिंडल दुपारीच उघडलेला होता. दिवसपाळीच्या फिटरने फ्रीझरांचा वाढलेला भार पुरा पडावा म्हणून तो फिरवला होता आणि परत बसवायचा राहून गेला होता. फ्रीझर पूर्ण भारावर असेपर्यंत आलेला द्रव तिकडे उडून जात होता, त्यामुळे चूक कुठे उमटली नाही. कॉम्प्रेसर थांबताच हा समतोल गेला. एका बाजूला रिसिव्हरचा भरभक्कम दाब आणि दुसऱ्या बाजूला जवळपास काहीच नाही, अशा स्थितीत द्रव अमोनिया पंचवीस मिनिटे अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये उतरत राहिला.

टाकीतील वरच्या फ्लोटने, म्हणजे पातळी ओळखणाऱ्या तरंगत्या स्विचने, धोक्याचा इशारा दिला होता. तो पडद्यावर आलाही. पण त्याच मिनिटांत फेज गेल्याचा, पंप थांबल्याचा, पंखे ट्रिप झाल्याचा, चिल रूमचे दार उघडे असल्याचा, तापमान वाढल्याचा असे इशारे एकामागून एक कोसळत होते. यादीत एका वेळी सहा ओळी दिसत आणि नवी ओळ वर येऊन जुनी खाली ढकलली जाई. इशारे इंग्रजी आद्याक्षरांत होते. प्रत्येक ओळीबरोबर सायरन वाजे. चालकाने त्यापूर्वीच्या प्रत्येक वीजखंडितीत जे केले होते तेच केले: ‘सर्व मान्य’ हे बटण दाबले.

वीज परत आली. पडद्यावर सगळे राखाडी, म्हणजे सुरू करण्यास योग्य दिसत होते. त्याने कॉम्प्रेसर सुरू केला.

बाहेर काकांना पहिल्या काही सेकंदांतच आवाज वेगळा वाटला. ते आत आले तेव्हा सक्शनचा पाइप नेहमीपेक्षा पुढे, थेट कॉम्प्रेसरच्या तोंडापर्यंत पांढरा झाला होता. त्यांनी काचेवर हात आपटून मशीन बंद करायला सांगितले. तरुण चालकाचे उत्तर त्याच्या स्वतःच्या जबाबात आहे: “काका, सोलेनॉइड बंद आहे, लिक्विड येईल कुठून?” काका त्यावर वाद घालत बसले नाहीत. त्यांनी यंत्राजवळचे लाल आपत्कालीन बटण दाबले आणि धावत जाऊन किंग व्हॉल्व्ह बंद केला. दोघांमधील हा संवाद आणि पडद्यावरची दुसऱ्या पानावर जाऊन केलेली एक तपासणी यांत अर्ध्या मिनिटाहून थोडा अधिक वेळ गेला. तेवढ्यात दोन सिलिंडरांच्या व्हॉल्व्ह-पट्ट्या तुटल्या होत्या आणि एका हेडच्या गॅस्केटमधून गॅस सुटू लागला होता.

शेजारच्या पॅकिंग हॉलमधील कामगारांना बाहेर काढण्यात आले. येथे एक गोष्ट नोंदवून ठेवण्यासारखी आहे. जमण्याची ठरलेली जागा धक्क्याच्या बाजूला, पश्चिमेला होती. ती दिवसाच्या खाऱ्या वाऱ्याचा विचार करून ठरवली होती. त्या वेळी मात्र वादळी वारा पूर्वेकडून समुद्राकडे वाहत होता आणि वास नेमका तिकडेच जात होता. सुपरवायझरने वासावरून हे ओळखले आणि सर्वांना रस्त्याच्या बाजूला वळवले. दोघांच्या डोळ्यांची आग झाली, त्यापलीकडे इजा झाली नाही. कॉम्प्रेसर मात्र दीड आठवडा बंद राहिला, आणि ऐन हंगामात आलेला माल दुसरीकडे पाठवावा लागला.

अडचण नेमकी कुठे होती

पहिल्या बैठकीत उत्पादन व्यवस्थापकांचे म्हणणे सरळ होते: फिटरने स्पिंडल उघडा ठेवला, चालकाने इशारा वाचला नाही, दोघांवर कारवाई करावी. घटनाक्रम पाहता हे खोटे नव्हते. पण तेवढ्यावर थांबलो असतो तर पुढच्या फिटरसाठी आणि पुढच्या चालकासाठी तोच सापळा तसाच राहिला असता.

पडद्यावरील सोलेनॉइडचे चिन्ह व्हॉल्व्ह बंद आहे हे दाखवत नव्हते. नियंत्रकाने व्हॉल्व्हला ‘बंद हो’ असे सांगितले आहे, एवढेच ते दाखवत होते. आदेश आणि स्थिती यांतला हा फरक अभियंत्याला रेखाचित्र पाहताच कळतो. चालकाला तो कळावा अशी एकही खूण पडद्यावर नव्हती आणि प्रशिक्षणातही त्याचा उल्लेख नव्हता.

यंत्रनियंत्रणाच्या इतिहासातील सर्वांत अभ्यासलेल्या अपघातांपैकी एकाच्या मुळाशी हीच गोष्ट आहे. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतील थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात दाब कमी करणारा एक व्हॉल्व्ह उघडला आणि नंतर बंदच झाला नाही. नियंत्रण कक्षातील दिवा त्याच्या सोलेनॉइडचा वीजप्रवाह गेला की विझत असे. दिवा विझला, चालकांनी व्हॉल्व्ह बंद झाला असे धरले आणि दोन तासांहून अधिक काळ अणुभट्टीचे पाणी त्यातून बाहेर जात राहिले. तेथे व्हॉल्व्हच्या पुढच्या पाइपाचे तापमान दाखवणारा मापकही होता आणि तो चढलेला होता. पण तो व्हॉल्व्ह आधीपासून थोडा गळत असल्यामुळे हा आकडा नेहमीच चढा असे, म्हणून त्याकडे कोणी पुरावा म्हणून पाहिले नाही. हा दुसरा भाग सहसा कमी सांगितला जातो. आमच्या प्रकरणात पुढे तोच निर्णायक ठरला.

इशाऱ्यांच्या पुराचेही असेच आहे. वेल्समधील मिलफर्ड हेवन येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात २४ जुलै १९९४ रोजी स्फोट झाला, त्याआधीच्या शेवटच्या जवळपास अकरा मिनिटांत दोन चालकांसमोर २७५ इशारे आले होते. आपल्याकडील आकडे लहान असतात, पण सहा ओळींच्या यादीवर मिनिटाला दहा इशारे आले तरी माणसाची गत तीच होते. त्या पुरात सर्वांत गंभीर इशाऱ्याला चिल रूमच्या दारापेक्षा वेगळा रंग नव्हता, वेगळा आवाज नव्हता आणि वेगळी जागाही नव्हती.

रंगांचा गोंधळ तर आम्हांला पहिल्याच फेरीत दिसला. जुन्या वीज पॅनेलांवर, जसे आपल्याकडे सर्वत्र असते तसे, लाल दिवा म्हणजे चालू आणि हिरवा म्हणजे बंद. नव्या पडद्यावर हिरवे म्हणजे चालू. दोन्ही एकाच खोलीत, एकाच्या वर एक. पडद्याच्या मध्यभागी अ‍ॅक्युम्युलेटरचे सुबक चित्र होते, त्यात निळा द्रव अर्ध्यावर भरलेला. तो कायमच अर्ध्यावर असे. ते केवळ चित्र होते, पातळीशी त्याचा काही संबंध नव्हता. आम्ही तरुण चालकाला याबद्दल विचारले तेव्हा हे त्याला ठाऊक होते असे तो म्हणाला. पण घाईच्या क्षणी अर्धी भरलेली टाकी पाहिल्यावर मनावर काय परिणाम होतो हे त्याला सांगता येणार नव्हते, आणि कोणालाच सांगता येणार नाही. दाबाचे आकडे बारमध्ये होते. ‘नऊ इंच’ आता ०.७ बार झाले होते, तेही निरपेक्ष, म्हणजे पूर्ण निर्वातापासून मोजलेला दाब म्हणून, तर डिस्चार्जचा, म्हणजे कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या गॅसचा, दाब वातावरणाच्या वरचा. एकाच पडद्यावर दाबाचे दोन पाये, आणि कुठेही तसे लिहिलेले नाही.

प्रशिक्षण एका दुपारचे होते. कंत्राटदाराच्या अभियंत्याने हिंदीत, मध्ये मध्ये इंग्रजीत, कोणते बटण कशासाठी ते दाखवले आणि उपस्थितीच्या कागदावर सह्या घेतल्या. पडदा काय दाखवत नाही, हा विषय त्यात नव्हता.

दोन जुने निर्णय

परीक्षणात आम्हांला सर्वांत अधिक वेळ लागला तो त्या संध्याकाळपूर्वीच्या दोन निर्णयांवर. दोन्ही घेताना कोणालाही आपण मोठा निर्णय घेत आहोत असे वाटले नव्हते.

पहिला ऑगस्टमधला. नव्या यंत्रणेत वरच्या फ्लोटने कॉम्प्रेसर थेट बंद होत असे. बंदीनंतर कारखाना सुरू करताना मात्र प्रत्येक वेळी हा ट्रिप लागू लागला. कारण तांत्रिक आहे: कॉम्प्रेसर सुरू होताच टाकीतील दाब एकदम उतरतो, द्रव सगळीकडून उकळू लागतो आणि फेसाळून त्याची पातळी क्षणभर वर चढते. माल धक्क्यावर उभा, यंत्र दर दहा मिनिटांनी बंद. कंत्राटदाराला फोन गेला आणि त्याने दूरूनच सॉफ्टवेअरमध्ये त्या ट्रिपचे रूपांतर नुसत्या इशाऱ्यात केले. लॉगबुकात नोंद नाही, कोणाची लेखी संमती नाही. थोडा विलंब लावून ट्रिप कायम ठेवणे शक्य होते; त्यासाठी एक दिवस चाचणी घ्यावी लागली असती.

दुसरा निर्णय कोणी घेतलाच नाही, तो आपोआप झाला. जुन्या काळी वीज गेली की पाळीवरचा माणूस आधी किंग व्हॉल्व्ह हाताने बंद करी आणि मग बाकीचे पाही. काकांना हे त्यांच्या आधीच्या चालकाने शिकवले होते. हे कुठे लिहिलेले नव्हते. पडदा आल्यावर सोलेनॉइड आपोआप बंद होतात हे सर्वांना दिसू लागले आणि पावसात भिजत रिसिव्हरपर्यंत जाण्याची गरज उरली नाही. काकांनीही ते सोडले होते, हे त्यांनी स्वतःहून सांगितले. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ लिझन बेनब्रिज यांनी १९८३ मध्ये दाखवून दिले होते की यंत्रणा जितकी स्वयंचलित होते तितके माणसाकडे फक्त अवघड प्रसंग उरतात, आणि त्यांसाठी लागणारा सराव मात्र रोजच्या कामातून मिळेनासा होतो. किंग व्हॉल्व्हची सवय सुटणे हे त्याचे अगदी घरगुती उदाहरण होय.

समोर असलेले पर्याय

जुने पॅनेल परत आणावे, ही मागणी सुरुवातीला काकांची होती आणि तिला कामगारांचा पाठिंबा होता. त्या दिवशी पाइपावरच्या बर्फाने आणि कानाने जे सांगितले ते पडद्याने सांगितले नाही, हे कोणीही नाकारत नव्हते. तरीही हा पर्याय आम्हांला पटला नाही. जुन्या पॅनेलवरचे दिवेही आदेशच दाखवत होते. स्पिंडल उघडा राहिला असता तर तेही विझलेलेच दिसले असते. फरक एवढाच होता की त्या दिव्यांवर कोणी विसंबत नव्हते. शिवाय जुन्या नोंदींत डिस्चार्जचे तापमान तासाला एकदा लिहिले जाई, आणि द्रव शिरू लागला की सर्वांत आधी तेच कोसळते. नव्या यंत्रणेत ते सेकंदासेकंदाला नोंदले जात होते. घटनेच्या आलेखात शंभराच्या आसपासचे तापमान कॉम्प्रेसर सुरू होताच घसरलेले स्पष्ट दिसते. माहिती होती, ती चौथ्या पानावर होती.

स्वतःची खरी स्थिती कळवणारा मोटरवरचा व्हॉल्व्ह बसवावा, हा कंत्राटदाराचा प्रस्ताव. तांत्रिकदृष्ट्या तो उत्तम होता, पण व्हॉल्व्ह मिळायला कित्येक महिने लागणार होते, आणि एका व्हॉल्व्हचा प्रश्न सुटून बाकीच्या सोलेनॉइडांचा तसाच उरला असता.

शिस्तभंगाची कारवाई हा तिसरा पर्याय होता. मालकांनी तो बराच वेळ तोलला. आमचे मत असे पडले की कारवाई झाली तर पुढच्या वेळी स्पिंडल उघडा राहिल्याचे कळले तरी कोणी सांगणार नाही. फिटरने घटनेनंतर तासाभरात स्वतः येऊन सांगितले होते, आणि त्यामुळेच कारण त्याच रात्री सापडले. हे वजन अखेर पारड्यात पडले.

चौथा पर्याय पडदा, इशारे आणि प्रशिक्षण तिन्ही मुळातून बदलण्याचा होता. त्यासाठी हंगाम थांबवता येणार नव्हता. म्हणून काम दोन टप्प्यांत वाटले: जे लगेच करणे भाग होते ते कॉम्प्रेसर दुरुस्त होईपर्यंत, आणि उरलेले पुढच्या जूनमध्ये.

काय केले

कॉम्प्रेसर पुन्हा सुरू होण्यापूर्वी वरच्या फ्लोटचा ट्रिप सॉफ्टवेअरमधून बाहेर काढून थेट स्टार्टरच्या कॉन्टॅक्टरला तारेने जोडला. फेसाळण्याचा काळ भागेल एवढा विलंब एका साध्या टाइमरने दिला आणि टाइमरची पेटी सीलबंद केली. तो बदलायचा तर व्यवस्थापक आणि वरिष्ठ चालक या दोघांच्या सह्या लागतात. प्रत्येक स्पिंडलवर टोपी आणि पितळी बिल्ला आला. स्पिंडल उघडणाऱ्याने बिल्ला काढून यंत्रघराच्या फळ्यावर टांगायचा. वीज गेल्यावर प्रथम किंग व्हॉल्व्ह, ही जुनी रीत लिहून भिंतीवर लावली. जमण्याच्या दोन जागा ठरवल्या आणि गच्चीवर वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी उभारली.

पडद्याचे काम बंदीच्या काळात झाले आणि त्यात बरेच वाद झाले. प्रत्येक सोलेनॉइडसमोर आता दोन गोष्टी दिसतात: नियंत्रकाचा आदेश, आणि त्याखाली पुढच्या पाइपाला बांधलेल्या साध्या तापमान-मापकाचा आकडा. आदेश बंद असूनही पाइप थंड राहिला तर त्या चौकटीची कड पिवळी होते. हा मापक स्वस्त आहे, पण थ्री माइल आयलंडचा दुसरा धडा त्याला लागू होतो: एखादा व्हॉल्व्ह थोडा गळू लागला आणि तो तसाच चालू दिला, तर पिवळी कड रोजचीच होईल आणि तिच्याकडे कोणी पाहणार नाही. म्हणून पिवळी कड एका पाळीहून अधिक काळ राहिली तर तो व्हॉल्व्ह दुरुस्तीला काढायचा, असा नियम मापकाबरोबरच केला. माझ्या मते त्या नियमाशिवाय मापक बसवण्यात फारसा अर्थ नव्हता.

टाकीचे निळे चित्र गेले. त्या जागी तीन फ्लोटांची तीन खाने असलेली उभी पट्टी आली. शेजारी डिस्चार्ज तापमानाचा गेल्या अर्ध्या तासाचा आलेख मुख्य पानावरच असतो. रंगांबाबत काकांचा आग्रह जुनी लाल-हिरवी रीत ठेवण्याचा होता, अभियंत्याचा नवी ठेवण्याचा. अखेर चालू-बंद साठी रंगच वापरायचा नाही असे ठरले: चालू असेल तर भरीव आकार आणि ‘चालू’ हा शब्द, बंद असेल तर पोकळ आकार आणि ‘बंद’. रंग फक्त धोक्याला. दाबाच्या एककांबाबत मी हरलो. माझे मत एकच एकक ठेवावे असे होते; चालकांनी पाउंड आणि इंच मोठ्या अक्षरांत आणि बार लहान अक्षरांत मागितले, आणि मालकांनी ते मान्य केले. वापरणारे ते आहेत, तेव्हा तक्रार करण्यासारखे काही नाही.

इशाऱ्यांची यादी करताना प्रत्येक इशाऱ्याला एकच प्रश्न विचारला: हा वाजल्यावर चालकाने काय करायचे? उत्तर नसेल तर तो इशारा नाही, नुसती नोंद. वीज गेल्यावर येणारे बहुतेक इशारे असे गळाले. पातळी, गॅस-गळती आणि तेलाचा दाब या तिघांना वेगळी जागा आणि वेगळा आवाज मिळाला, आणि ते मराठीत लिहिले गेले. ‘सर्व मान्य’ हे बटण या तिघांना लागू होत नाही.

प्रशिक्षणाचा भाग मला सर्वांत समाधानकारक वाटला, जरी त्यात नवे तंत्र काहीच नव्हते. पहिले दोन आठवडे पडद्याला कोणी हात लावला नाही. चालक, फिटर आणि पाळीचे सुपरवायझर हातात खडू घेऊन पाइपाबरोबर चालले. द्रव कोठे, वाफ कोठे, दाब किती, वीज गेल्यावर कोणता भाग कशात बदलतो, हे प्रत्येकाने स्वतः खुणा करून सांगायचे. नंतर पडदा झाकून सराव घेतला: काका एखादा पाइप दाखवून विचारत, “यावर बर्फ कुठपर्यंत असायला हवा?” आणि उत्तर मिळाल्यावर पडदा उघडत. दमट हवेत अ‍ॅक्युम्युलेटरच्या लेव्हल कॉलमवर, म्हणजे टाकीला जोडलेल्या उभ्या नळीवर, बर्फाची जी रेघ उमटते ती द्रवाची पातळीच असते, हे तरुण चालकांपैकी कोणालाच ठाऊक नव्हते. उलट दिशेनेही शिकणे झाले. डिस्चार्ज तापमानाचा आलेख वाचायला काकांना त्या तरुण चालकानेच शिकवले, आणि नंतर तेच त्यांचे आवडते पान बनले.

परिणाम

पुढच्या हंगामात वीज अनेकदा गेली. दर वेळी किंग व्हॉल्व्ह बंद झाल्याची नोंद मिळते. एकदा पिवळी कड दिसली, व्हॉल्व्ह खोलून पाहिला तेव्हा त्याच्या आतल्या आसनावर गंजाचा खडा अडकलेला निघाला. स्पिंडलचा बिल्ला फळ्यावर नसताना स्पिंडल उघडा सापडण्याचाही एक प्रसंग घडला; तो दुसऱ्या पाळीने पाळी बदलताना पकडला.

सगळे सुरळीत झाले असे नाही. सुरुवातीला टाइमरचा विलंब कमी पडला आणि मालाची गर्दी असताना कॉम्प्रेसर दोनदा विनाकारण ट्रिप झाला. दुसऱ्या वेळी उत्पादन व्यवस्थापकांनी पुन्हा तो ट्रिप काढण्याचा आग्रह धरला. या वेळी मात्र सील आणि दोन सह्या आड आल्या. एका दिवसाची चाचणी झाली, विलंब वाढवला गेला आणि ट्रिप राहिला. पाळीला एकच माणूस हा मूळ हिशेब मालकांना सोडावा लागला, निदान ऑगस्ट ते डिसेंबर या महिन्यांत. त्याचा खर्च त्यांना अजून खुपतो.

वेगळे काय करता आले असते

खरेदीच्या वेळी कारखान्याने कंत्राटदाराकडे पडद्याचा नमुना मागितला होता आणि तो मालक, व्यवस्थापक व लेखापाल यांनी पाहून पसंत केला होता. पाळीवरच्या एकाही माणसाने तो पाहिला नव्हता. काकांना त्यासमोर तासभर बसवले असते तर टाकीच्या चित्राबद्दल आणि रंगांबद्दल तेव्हाच प्रश्न आले असते. आदेश आणि स्थितीचा मुद्दा त्यांनाही सुचला असता असे मी म्हणणार नाही. तो करारात लिहूनच घ्यावा लागतो: पडद्यावरचे प्रत्येक चिन्ह कोणत्या तारेवरून येते, आणि त्यावरून नेमके काय सिद्ध होते.

त्या संध्याकाळपुरते बोलायचे तर तरुण चालकाच्या हातात दोन जागा होत्या. वीज गेल्यावरच्या पंचवीस मिनिटांत तो टाकीजवळ जाऊन कॉलमवरची रेघ पाहू शकला असता. पण असे पाहायचे असते हे त्याला कोणी सांगितले नव्हते. काकांनी हाक मारल्यावर तो आधी थांबवून मग तपासू शकला असता. पडद्यावरच्या ‘थांबवा’ या बटणानंतर ‘खात्री आहे?’ अशी चौकट येई, आणि पूर्वी एकदा विनाकारण यंत्र थांबवल्याबद्दल त्याला बोलणी बसली होती. आता संशयावरून यंत्र थांबवणाऱ्याला जाब विचारायचा नाही, असे मालकांनी लेखी दिले आहे. ती चौकटही काढली आहे.

एक गोष्ट आम्ही सुचवूनही झालेली नाही. मुख्य कॉम्प्रेसर अजून जनरेटरवर नाही, त्यामुळे वीज गेल्यावरचा काळ हाच या यंत्रघरातील सर्वांत नाजूक काळ राहिला आहे. मोठ्या जनरेटरचा प्रस्ताव पुढच्या बंदीपर्यंत पुढे ढकलला आहे. तोवर दर महिन्यातून एकदा, मालाची आवक कमी असलेल्या दिवशी, मुख्य स्विच मुद्दाम पाडून सराव घेतला जातो, आणि सराव घेणारा पडद्यासमोर न बसता रिसिव्हरपाशी उभा राहून किंग व्हॉल्व्ह बंद व्हायला किती वेळ लागला ते लिहून ठेवतो.